तिसऱ्या गाण्यातली चूक

"अरे धर की लेका! नुसता बघत काय उभारलायस? काच हाय ती, काच!"

अंबादास आण्णा दारातून ओरडत होते. लूनावर पुढं पायाशी कॉम्प्युटरचा डबा, आणि मागं त्यांची मुलगी रेश्मा, वाकळेत गुंडाळलेला मॉनिटर पोटाशी धरून बसलेली. बार्शीच्या भर दुपारच्या उन्हात बापलेक अख्ख्या पेठेतून तशीच आली होती. रेश्माचं तोंड फुगलेलं. फुगणारच. कॉम्प्युटर तिचा होता. एमएससीआयटीच्या कोर्ससाठी तिच्या मामानं पुण्याहून आणून दिलेला, आणि बापानं तो सरळ उचलून माझ्या घरी आणला होता.

"माझी परीक्षा आहे हं रेवणदादा," ती म्हणाली. "त्याच्या आधी परत पाहिजे."

"महिन्याच्या आत आणून देतो."

"अगं ए, घरचाच हाय त्यो," आण्णा म्हणाले. "काय खातोय का तुझा कॉम्प्युटर? व्हय बाजूला, वायरी आण मागच्या."

हे दोन हजार सातचं. तेव्हा मी एका ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचो आणि स्वतःला संगीतकार म्हणवून घ्यायचो. घरातली धान्याची कोठी रिकामी करून, भिंतींना आईच्या जुन्या गोधड्या ठोकून मी तिला स्टुडिओ असं नाव दिलं होतं. आई म्हणायची, "स्टुडिओ कसला, ढेकूण होतील तिथं." पण प्रल्हादशेठ नावाच्या एका कॅसेटवाल्यानं मला काम दिलं होतं. चैत्रात येरमाळ्याची यात्रा भरते, तिच्या आधी देवीच्या सहा गाण्यांची सीडी बाजारात आणायची. माझं पहिलंच काम. माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

अडचण एकच होती. माझा कॉम्प्युटर अगदीच गरीब. गाणाऱ्या बाईंचा आवाज आणि पेटी त्यानं कशीबशी पेलली, पण वर आणखी काही वाद्यं चढवली की मान टाकायचा. इंटरनेटवर कुणा परदेशी माणसानं लिहिलेलं मी वाचलं होतं, की असं असेल तर दोन कॉम्प्युटर वायरनं जोडावेत. एकानं वाद्यं वाजवायची, दुसऱ्यानं ती साठवायची. एका बैलाला ओढवत नसेल तर दुसरा जुंपायचा, तसंच. दुसरा बैल आणायचा कुठून, हे मी आण्णांजवळ सहज बोलून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी ते लूना घेऊन दारात.

आण्णा म्हणजे अंबादास पाचंगे. जातीचे गोंधळी, संबळ घरातलीच, पण नाव झालं ते ढोलकीवर. कलापथक, भारुड, जागरण, निवडणुकीचा प्रचार, चाळीस वर्षं हा माणूस कुणा ना कुणाच्या मागं बसून वाजवत होता. गाणारा कच्चा असला तर त्याला सांभाळून घ्यायचे, पक्का असला तर त्याला पळवायचे. मी सोळा वर्षांचा असताना पहिल्यांदा स्टेजवर बसलो तेव्हा घाबरून सगळं विसरलो होतो, आणि माझ्याकडं न बघता आण्णांनी अशी दोन आवर्तनं घातली की लोकांना वाटलं, हे ठरवूनच चाललंय. त्या दिवसापासून मी त्यांना मानत होतो. मानत होतो, असं निदान मी म्हणायचो.

मॉनिटर टेबलावर ठेवून झाल्यावर त्यांनी उजवा हात माझ्यापुढं धरला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट दाबून दाखवलं.

"हितं काय कळत न्हाई. टाचणी टोचली तरी कळत न्हाई."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"सोलापूरला दावलं. मानेतली शीर दबलीय म्हणला. ऑपरेशन केलं तरी भरवसा न्हाई. उन्हाळ्यापतोर बोटं ऐकतील, फुडं अवघड हाय." रेश्मा वायरी सोडवत होती, तिच्याकडं बघून त्यांनी आवाज खाली आणला. "रेवण, चाळीस वर्षं वाजवलं. ऐकणारे गेले, गाणारे गेले. माझा हात कुठंच ठिवलेला न्हाई बघ. ना टेपमधी, ना रेडिओवर. तुझ्या ह्या कॉम्प्युटरात एकदा माझा हात ठेव. मग बोटं गेली तरी चालतंय मला."

"ठेवतो आण्णा. सहाच्या सहा गाण्यांत ठेवतो."

"एवढं कर बाबा."

मी शब्द दिला. आईच्या देखत दिला, रेश्माच्या देखत दिला.

दुसऱ्या दिवशी माइक लावून आण्णांना बसवलं. त्यांनी शाईच्या बाजूचा सूर मिळवला, धुमाची, म्हणजे खर्जाची बाजू ओली केली आणि विचारलं, "हं, कुठलं गाणं?"

"गाणं नाही. एकेक थाप वाजवायची. आधी हळू, मग मध्यम, मग जोरात. प्रत्येक थापेनंतर थांबायचं."

"आणि गाणं?"

"ते नंतर. हे तालमीपुरतं आहे. तुम्ही नसताना बाईंना तालीम करायला."

हे खोटं नव्हतं. त्या दिवशी माझ्या मनात तेवढंच होतं. शपथेवर सांगतो, आणि त्या शपथेला आता काही किंमत नाही, हेही मला ठाऊक आहे.

"डाळीतलं खडं निवडाय बसल्यागत वाटतंय रं," आण्णा म्हणाले. पण दोन तास बसले. ता, ना, तिं, घुं, प्रत्येक थाप सुटी, प्रत्येक थाप दाणेदार. त्या सगळ्या थापा मी कापून, नावं देऊन रेश्माच्या कॉम्प्युटरात ठेवल्या.

मग जोडणी. दोन दिवस दोन्ही कॉम्प्युटर एकमेकांना ओळख देईनात. नंबर बदलले, वायर काढली, घातली, देवाचं नाव घेतलं. शेवटी सायबर कॅफेवाल्याला घरी आणलं. त्यानं वायर हातात घेतली आणि कपाळावर हात मारला.

"ही सरळ वायर आहे, राजे. समोरासमोर जोडायचं तर आतल्या तारा उलटसुलट लागतात. एकाचं तोंड दुसऱ्याच्या कानाला यायला पाहिजे. तू दोन दिवस तोंडाला तोंड लावून बसवलंयस."

त्यानं तारा उलटवून दिल्या आणि काम झालं. आता मी माझ्या कीबोर्डची पट्टी दाबली की वायरीतून निरोप रेश्माच्या कॉम्प्युटरला जायचा, तो आवाज काढायचा, आणि तो आवाज दुसऱ्या एका वायरीच्या पिनेतून परत माझ्या कॉम्प्युटरच्या पाठीत यायचा. पाठीला आवाज आत घ्यायचं छिद्र एकच. तिथं माइकची पिन तरी लावा, नाहीतर रेश्माच्या कॉम्प्युटरची तरी.

पहिल्यांदा पट्टी दाबली तेव्हा आण्णा चहा पीत बसले होते. त्यांचीच थाप, त्यांच्याच ढोलकीची, खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यातून आली. त्यांनी चटकन आपल्या हातांकडं पाहिलं. हातात बशी.

"आयला! मी हितं बसलोय आन् तितं कोण वाजवायलंय?"

आण्णा, मी आणि कॅफेवाला, तिघंही खूप हसलो. आईनं दारातून डोकावून विचारलं, काय झालं. मी चार पट्ट्या एकापाठोपाठ दाबून साधा ठेका वाजवून दाखवला. आण्णांनी डोळे मिटले, मांडीवर बोट आपटत ऐकलं आणि मान हलवली.

"मागनं येतंय."

"काय?"

"ढोलकी मागनं येती. पेटीच्या मागं पडती, जरासं. वरातीत म्हाताऱ्या मागं राहतात तशी."

बरोबर होतं. निरोप जायला आणि आवाज यायला वेळ लागायचा, सेकंदाचा शंभरावा भाग असेल नसेल. माझ्या कानाला तो कळत नव्हता. पडद्यावरचा आकडा मी एकेक करून बदलत गेलो आणि आण्णा डोळे मिटून सांगत गेले. "आजून पुढं घे. आजून. जास्ती झालं. हां, हां, बास! आता बसली." दोन्ही कॉम्प्युटर आण्णांच्या कानावर जुळले, माझ्या नाही. जुळवून झाल्यावर त्यांनी मला पाठीत एक जोरदार चापट मारली आणि म्हणाले, "झालास बघ मोठ्ठा डायरेक्टर!"

आठवड्यानं त्यांचं खरं रेकॉर्डिंग धरलं. माइकची पिन लावली, त्यांच्या कानावर हेडफोन चढवला. गाणं आणि पेटी आधीच कॉम्प्युटरच्या टकटकीवर रेकॉर्ड केलेली होती. ती टकटक कानात सुरू झाली आणि आण्णांनी हेडफोन काढला.

"हे मधी टकटक कोण करायलंय? गप बसीव त्याला."

"आण्णा, त्याच्यावरच वाजवायचंय."

"त्याच्यावर? मग गाणाऱ्यानं काय करायचं?"

त्यांची लय चढायची. चुकून नाही, तीच त्यांची विद्या होती. अंतरा संपत आला की गाणाऱ्याला हाताला धरून वर न्यायचे आणि ध्रुपदावर आणून सोडायचे. समोरची माणसं नेमकी त्याच जागी उठून नाचायची. पण रेकॉर्ड केलेलं गाणं कुठं वर येणार? ते जिथल्या तिथं. आण्णा पुढं जायचे, परत यायचे, अडखळायचे. दुपारभर एकही गाणं सलग झालं नाही. सदरा पाठीला चिकटला होता. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना ओशाळलेलं पाहिलं.

"रेवण, मला चार दिवस दे. ह्या टकटकीला मी वळण लावतो. कसं वाजत न्हाई बघतोच."

"घ्या की आण्णा. काही घाई नाही."

आण्णा घरी गेले आणि दुसऱ्याच दिवशी दुपारी प्रल्हादशेठचा फोन आला.

"उद्या सकाळी माझा माणूस मुंबईला निघालाय. गाणी त्याच्या हातात पाहिजेत."

"शेठ, ढोलकी राहिलीय. चार दिवस..."

"ढोलकीवाला मी बघू दुसरा? की संगीतकारच दुसरा बघू?"

एवढंच बोलले. आणि मी काय म्हणावं? "नको नको शेठ, उद्या देतो." अडवून बघितलं असतं तर कदाचित दोन दिवस मिळालेही असते. शेठ फाटक्या तोंडाचा होता, पण ऐकायचा. मी अडवलंच नाही. फोन खाली ठेवला, माइकची पिन काढली, रेश्माच्या कॉम्प्युटरची पिन लावली आणि कीबोर्डवर बसलो. चारला बसलो, दिवेलागणीला सहाही गाणी संपली. प्रत्येक थाप आण्णांची, पण कुठली थाप कुठं पडायची हे आण्णांनी ठरवलेलं नाही. ऐकलं तर झकास वाटलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटायला पाहिजे होती आणि मला वाटत होता अभिमान. आईला हाक मारून ऐकवलं. ती म्हणाली, "अंबादासभावजी कधी येऊन गेले?"

शेठचा माणूस सकाळी सीडी घेऊन गेला. शेठचा फोन आला, "ढोलकी काय वाजवलीय रे!" मी "हो ना" म्हणालो.

आता आण्णांना सांगायचं होतं. त्यांच्या घराशेजारच्या दुकानात फोन करून निरोप द्यायचा, की गाणी गेली, तुम्ही येऊ नका. किंवा घरी जाऊन तोंडावर सांगायचं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत मी तीन दिवस काढले. चौथ्या दिवशी ते आले.

पांढराशुभ्र इस्त्रीचा सदरा, कपाळाला हळदीचा भंडारा, बगलेत ढोलकी. तोंड नुसतं फुललेलं.

"जमलं! रेवण, जमलं बघ!" दारातूनच सुरुवात. "भिंतीवरचं घड्याळ खाली काढलं आन् ठिवलं म्होरं. एका टकीत दोन मात्रा. रेश्मानंच सांगितलं, तुझं गाणं घड्याळाच्या डबल चालतंय. चार दिवस त्या घड्याळाबरोबर बसलोय. बायको म्हणती, येड लागलं काय तुमाला. लाव, लाव लौकर. बोटं आज ऐकायलीत."

सांगायचं असेल तर हीच वेळ होती. मी तोंड उघडलंही. "आण्णा, ते..." एवढं निघालं. ते माझ्याकडं बघत होते. चार दिवस घड्याळासमोर बसलेला माणूस. मला धीर झाला नाही. मी म्हणालो, "बसा. चहा घेणार?"

"चहा नंतर. आधी वाजवू दे."

त्यांना बसवलं, समोर माइक ठेवला, कानावर हेडफोन दिला. ढोलकी काढून टाकलेलं गाणं सुरू केलं. पडद्यावर रेघ पुढं सरकायला लागली. नुसतं ऐकताना सरकते आणि रेकॉर्ड होतानाही सरकते. ज्याला माहीत नाही त्याला फरक कळत नाही. माइकची पिन टेबलावर तशीच पडलेली होती. पाठीच्या छिद्रात रेश्माच्या कॉम्प्युटरची पिन होती.

आण्णा वाजवायला लागले.

काय वाजवलं त्या माणसानं! टकटकीच्या एक केस पुढं नाही, एक केस मागं नाही, आणि तरीही गाणं चढत होतं. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. लय तीच, पण थापांचं वजन असं वाढवत न्यायचे की वाटायचं, गाणं पळतंय. टकटकीला त्यांनी खरंच वळण लावलं होतं. पहिलं गाणं संपलं, दुसरं संपलं. तिसऱ्याच्या दुसऱ्या अंतऱ्यात त्यांचं ते बधिर बोट घसरलं आणि एक थाप गेली. गाणं संपल्यावर त्यांनी हेडफोन सरकवला.

"तिसऱ्यात एक थाप गेली माझी. परत घ्यायचं का?"

"राहू द्या. कळत नाही."

"राहू दे म्हणतोस?" ते हसले. "बरं, राहू दे. ती बी माझीच हाय."

चौथं सुरू झालं आणि मला आत काहीतरी टोचायला लागलं. उठायचं, पिन बदलायची, लाल बटण दाबायचं. दोन मिनिटांचं काम. गाणी गेली होती, पण आण्णांना सीडीशी काय देणंघेणं होतं? त्यांना त्यांचा हात ठेवायचा होता, आणि तो हात तेव्हा माझ्यासमोर वाजत होता. मी का उठलो नाही ते आता सांगतो, आणि सांगताना मला आजही मान वर करवत नाही. पिन काढली असती तर एवढा वेळ ती नव्हती हे आण्णांना कळलं असतं, ही एक भीती. पण ती सुद्धा अर्धीच. उरलेलं खरं कारण असं, की आवाजाच्या पातळ्या सगळ्या नीट जुळलेल्या होत्या, पिन हलवली की घुमायला लागायचं आणि परत सगळं बसवायला अर्धा दिवस जायचा. मला कंटाळा आला होता. चौथं झालं, मी म्हटलं पाचव्याला बदलू. पाचवं झालं, म्हटलं आता एकच तर राहिलंय.

सहावं संपलं. आण्णा घामानं निथळत होते. उजव्या हाताची बोटं डाव्या हातानं चोळत त्यांनी विचारलं,

"आलं?"

"आलं."

"समदं?"

"समदं आलं, आण्णा."

त्यांनी पुढं होऊन कॉम्प्युटरला हात लावला आणि तो हात स्वतःच्या कपाळाला लावला, वाद्याला लावतात तसा. मग म्हणाले, "आता आण चहा."

सीडी निघाली. यात्रेत ती चांगली खपली म्हणतात. सीडीच्या कागदावर मी आवर्जून छापून घेतलं होतं, "ढोलकी : अंबादास पाचंगे." ते छापून घेतल्यावर मला बरंही वाटलं, की चला, फिटलं. माणूस स्वतःच्या तोंडाला किती सहज पानं पुसतो. त्या सुट्या थापा मी पुढंही बरीच वर्षं वापरल्या. लग्नाची गाणी, प्रचाराची गाणी, कुठल्या कुठल्या सीड्या. सगळीकडं आण्णांची थाप आणि माझं नाव.

पण हे सगळं नंतरचं. यात्रा होऊन आठ दिवस झाले होते. सकाळी दहाच्या सुमारास आण्णा आणि रेश्मा कॉम्प्युटर न्यायला आले. रेश्माची परीक्षा जवळ आली होती. आण्णांनी लूना चालवली नव्हती, ती रेश्मा चालवत आली. त्यांचा उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. पाणी दिलं तर पेला डाव्या हातानं घेतला.

"तिसरं गाणं लाव जरा," ते म्हणाले.

मी लावलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. दुसरा अंतरा आला, गेला. गाणं संपलं.

"ती थाप कुठाय?"

"कुठली?"

"गेलेली. मी म्हणलो न्हवतो का, एक थाप गेली म्हणून? शेजाऱ्याच्या प्लेअरवर धा वेळा ऐकलं. कुठंच न्हाई. तितं थाप हाय."

"ते कॉम्प्युटर सरळ करतो आण्णा. चुका भरून काढतो."

"असं व्हय." त्यांनी मान हलवली. त्यांना ते पटलं. माझ्यावरचा विश्वास एवढा, की पटलं. "मला वाटलं, मलाच भास झाला. वाजवतानाचं काहीच सापडंना त्यात. मग रेवण, सरळ न केलेलं असंल की तुझ्याजवळ. ते दे. गाणं बी नको, पेटी बी नको. नुसता माझा हात दे, चुकीसकट. रेश्माच्या पोरांना दावीन उद्या. आता," त्यांनी खिशातला हात काढून दाखवला, दोन बोटं तळव्याकडं वळली होती, "आता परत काय व्हायचं न्हाई."

रेश्मा खाली बसून तिच्या कॉम्प्युटरच्या वायरी काढत होती. आणखी एकदा मला संधी होती. तिसरी की चौथी, मी मोजत नाही.

"आण्णा, ते... पुसलं गेलं."

"पुसलं?"

"जागा नव्हती. चुकून गेलं. मी... माझी चूक झाली."

आण्णांनी पेला खाली ठेवला, सांडू नये म्हणून जपून ठेवला. रेश्माच्या हातात पिनेची वायर होती. तिनं ती हातानं धरत धरत माझ्या कॉम्प्युटरच्या पाठीपर्यंत नेली, ते एकुलतं एक छिद्र बघितलं, मग टेबलाच्या कडेला धूळ खात पडलेली माइकची पिन बघितली. पोरगी एमएससीआयटी करत होती, खुळी नव्हती.

"दादा," ती अगदी हळू म्हणाली, "मग बाबांच्या वेळेला माइक कुठं लावला होता?"

मी मॉनिटर बांधायला वाकळ उचलली. तिनं परत विचारलं नाही. तिचा चेहरा मात्र बदलला. तो बदललेला चेहरा मी आज सतरा वर्षं बघतोय. रस्त्यात ती कुठं दिसली तर मी गल्ली बदलतो.

डबा लूनावर चढवला. मॉनिटर वाकळेत बांधून दिला. या वेळी तो मांडीवर घेऊन आण्णा मागं बसले. मी दारात मान खाली घालून उभा होतो, आणि आण्णांना वाटलं, बिचाऱ्याला फार लागलं.

"ए लेका, तोंड कशाला पाडतोस?" ते म्हणाले. डाव्या हातानं त्यांनी माझी हनुवटी वर केली, मी सोळा वर्षांचा असल्यासारखी. "माणसाच्या हातनं पुसलं जातंय. जाऊ दे. पुसलं म्हंजे एकदा उठलं तर हुतं न्हवं त्यात? मला तेवढं बास हाय. उठलं हुतं का न्हाई नीट, एवढंच सांग."

रेश्मानं गाडी सुरू केली नव्हती. हँडल धरून ती माझ्याकडं बघत होती.

"उठलं होतं, आण्णा," मी म्हणालो. "एकदम स्वच्छ उठलं होतं."